फ्लेक्सवरचं नाव

(पत्र मोठं होतं. सामन्यांचे निकाल आणि ओळख पटेल अशा खुणा मी काढल्यात. बाकी शब्द त्यांचेच.)

ताई, नमस्कार.

तुमचं सदर मिसेस वाचते, मी स्पोर्ट्सचं पान वाचतो. घरात चिडचिड करण्यापेक्षा यांना लिहा, असं तीच म्हणाली.

माझं वय ६३. जन्म खडकीचा. एका सरकारी कारखान्यात खेळाडूंच्या कोट्यातून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. लेफ्ट आउटला खेळायचो, अकरा नंबर. पुण्याच्या लीगमध्ये सोळा सीझन, मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कप तीनदा, संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याच्या टीमच्या, कॅम्पला दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नाही. त्याचं आता काही वाटत नाही. गुडघा गेला तेव्हा थांबलो.

मी काळा आहे. सावळा वगैरे नाही, काळा. पहिल्या दिवसापासून मला सगळे 'काळ्या' म्हणतात. कोच, पब्लिक, रेफरीसुद्धा. 'काळ्याला बॉल द्या' ही आमच्या पब्लिकची घोषणाच होती. १९८३ ला वेस्ट इंडिजची क्रिकेट टीम आली तेव्हा वर्षभर मी 'मार्शल' होतो, त्यांच्या फास्ट बोलरच्या नावावरून, ते जरा बरं वाटायचं. बाहेरगावी गेलं की जास्त व्हायचं. माकडाचे आवाज काढायचे, एकदा केळ्याची सालं टाकली. पण ते बाहेरचे. बाहेरच्यांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

आता आमच्या मंडळाने पावसाळी स्पर्धेच्या उद्घाटनाला माझा सत्कार ठरवलाय. ठरवणारा माझा जवळचा मित्र, आमच्या टीमचा सेंटर हाफ. त्याने व्हॉट्सॲपवर फ्लेक्सचा नमुना पाठवला. माझं नाव, मग मोठ्या अक्षरांत 'काळ्या', मग आडनाव. खाली १९८७ चा टीमचा फोटो. मी म्हटलं, मधलं काढ. तो म्हणाला, 'अरे, ते काढलं तर तुला ओळखणार कोण? निम्म्या खडकीला तुझं खरं नाव माहीत नाही.' आणि ते खरंच आहे. मला उत्तर सुचलं नाही.

फोटोचंही सांगतो. मॅच उशिरा संपली होती, उजेड गेला होता. फोटोग्राफर म्हणाला, 'काळ्या, दात दाखव, नाहीतर फोटोत येणार नाहीस.' सगळे हसले आणि त्याच वेळी त्याने बटण दाबलं. म्हणून त्या फोटोत आम्ही अकराही जण हसतोय. मीपण. मित्र म्हणतो, काय भारी फोटो आहे, सगळे कसे खूश दिसतायत.

तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं चाललं, आत्ताच काय झालं? रविवारी सकाळी मी वस्तीतल्या पोरांना शिकवतो, फुकट. गेल्या महिन्यात लाइनीवर उभा होतो. मैदानातून एक पोरगा ओरडला, 'ए काळ्या, पास दे ना!' मी वळलो. आणि बारा वर्षांचा एक पोरगापण वळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो हसला. ते हसणं मला ओळखीचं वाटलं. तेव्हापासून झोप नीट नाही.

शेवटचं एक. हे मिसेसलाही सांगितलेलं नाही. आमच्या टीममध्ये दोन सीझन मणिपूरचा एक राइट हाफ होता. त्याला सगळे 'बहादूर' म्हणायचे, वॉचमनला म्हणतात तसं. ते नाव मी पाडलं होतं. परवा त्याचं खरं नाव आठवायला बसलो तर दोन दिवस लागले.

मी सत्काराला जाऊ का नको? उगाच बाऊ करतोय का?

— अकरा नंबर

*

अकरा नंबर, नमस्कार.

बाऊ करत नाही आहात. सत्काराला जा. पण त्याआधी दोन कामं आहेत, आणि त्यातलं कुठलं आधी करायचं याला महत्त्व आहे. म्हणून हे उत्तर छापायच्या आधीच तुम्हाला मेल करतेय. (मिसेस सदर वाचतात म्हणजे शेवटचा परिच्छेद त्याही वाचणार. छापू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही एका शब्दात 'छापा' असं कळवलंत. माझं निम्मं काम तिथेच झालं.)

माझं फुटबॉलचं ज्ञान सगळं भावाचं उष्टं. तो त्या काळात एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर पेठेतल्या एका टीमकडून फुलबॅक खेळायचा, म्हणजे बराच वेळ बाकावर बसायचा. पत्र आल्यावर मी त्याला फोन करून एवढंच विचारलं, की लेफ्ट आउट म्हणजे नेमका कुठे उभा राहतो. तुमचं नाव-गाव काही काढलं नव्हतं. तो म्हणाला, 'डावीकडे, पार लाइनीला चिकटून. आमच्या वेळी खडकीचा काळ्या होता बघ, तसा.'

मी गप्प. मग पुढची वीस मिनिटं त्याने तुमचा एक गोल सांगितला. धो धो पाऊस, मैदानाचा चिखल झालेला. तुम्ही पुढे मारलेला बॉल चिखलात रुतून जागच्या जागी थांबला. तुमच्या अंगावर आलेला फुलबॅक, म्हणजे आमचे बंधुराज, बसल्या बसल्या घसरत थेट लाइनीबाहेर. तुम्ही मात्र मागे आलात, तोच बॉल खालून उचललात आणि गोलीच्या डोक्यावरून टाकलात. 'अजून डोळ्यांसमोर आहे,' म्हणाला. मी विचारलं, नाव काय रे त्याचं? 'काळ्या.' खरं नाव? बराच वेळ काही नाही. मग, 'आडनाव काहीतरी... जाऊ दे, काळ्याच.' आणि त्याला या नावाचं काय वाटत असेल? 'त्याला कुठे काय वाटायचं! हसायचा की तो.'

तेव्हा तुमचा सेंटर हाफ खोटं बोलत नाहीये. तुमची जी काही कीर्ती आहे ती त्या नावाच्या खात्यावर जमा आहे, आणि प्रेमही. भावाच्या आवाजात जे होतं त्याला प्रेम सोडून दुसरा शब्द मला सुचत नाही. शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. जन्मभर जीव लावून हाक मारणाऱ्याशी काय भांडायचं, हीच तर तुमची पंचाईत आहे.

ही पंचाईत वेस्ट इंडिजच्या एका कप्तानाचीही झाली होती. डॅरेन सॅमी. तो हैदराबादच्या टीमकडून आयपीएल खेळायचा तेव्हा, २०१३-१४ च्या सुमाराला, त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'काळू' म्हणायचे. सॅमीची समजूत अशी, की याचा अर्थ दणकट घोडा असा काहीतरी असणार. त्यामुळे तोही खूश. २०२० मध्ये अमेरिकेत गोऱ्या पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव गेला आणि वर्णद्वेषाची चर्चा सगळीकडे सुरू झाली, तेव्हा त्याला खरा अर्थ कळला. तो भडकला. मला ज्यांनी ज्यांनी असं म्हटलं त्यांनी माझ्याशी बोला, असं त्याने जाहीर सांगितलं. त्यातला एक जण बोलला. त्यानंतर सॅमीने सांगितलं की त्याने ते प्रेमापोटी म्हटलं होतं आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. आपल्याकडे पुष्कळांनी तेव्हा हुश्श केलं, चला, मिटलं म्हणून. पण प्रेमापोटी होतं हे मान्य करूनही 'मग चालू द्या' असं सॅमी म्हणाला नाही. लोकांना हे समजावून सांगायला हवं, असं म्हणाला. प्रेम होतं हे खरं, शब्द चुकीचा होता हेही खरं, आणि त्याने दोन्ही ठेवलं. तुम्हालाही सेंटर हाफचं प्रेम नाकारायची गरज नाही. फरक एवढाच की सॅमीला अर्थ उशिरा कळला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि तरी हसावं लागलं.

मंडळाच्या बैठकीत विषय निघालाच तर कुणीतरी विठोबाला मध्ये आणेल. 'अरे, आपला विठोबा काळा, कृष्ण काळा, त्यात कमीपणा कसला?' कमीपणा कसलाच नाही. पण विठोबा कॉर्नर घ्यायला गेला की मागून त्याला कुणी तसं ओरडत नाही. आणि त्याच्या रंगाची सून आणायची वेळ आली की हीच मंडळी 'जरा उजळ बघा' म्हणतात. तुम्ही जातीचं काही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. आपल्याकडे रंगावरून जात ताडणाऱ्या म्हणी आहेत, त्या इथे लिहायची माझी इच्छा नाही. लाइनीवरून 'काळ्या' ओरडणाऱ्याच्या मनात नुसता रंगच असतो, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, एवढंच.

'खेळात असलं काही नसतं' असंही म्हणतील. त्यांना पुण्याचाच दाखला द्या, क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंचा. चर्मकार समाजातला हा मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर रोलर फिरवायचा, नेट लावायचा. ग्रेग नावाच्या साहेबाला नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकून टाकून त्याची डावखुरी फिरकी तयार झाली. पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून बरीच खळखळ करून बाळूला घेतलं. मैदानात चेंडू एकच, तो सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचा कप्तान म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला. मला राहून राहून त्या भांड्यापाशी बसलेल्या बाळूंपेक्षा आत बसलेले दहा जण दिसतात. आपण काही वाईट वागतोय असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नसणार. उलट आपण केवढे सुधारलेले, याला बरोबर खेळवतो, असंच वाटलं असेल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. बाहेरच्यांचं मनाला लावून घेतलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. लागलं ते घरच्यांचं, असाच त्याचा अर्थ ना?

लंडनच्या चेल्सी क्लबाच्या मुख्य संघाकडून खेळणारा पहिला काळा खेळाडू पॉल कॅनोव्हिल. एप्रिल १९८२ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर तो बदली म्हणून पहिल्यांदा उतरणार होता, लाइनीवर पळत अंग मोकळं करत होता. शिव्या सुरू झाल्या. त्याला वाटलं, समोरच्या टीमचे लोक. वळून बघतो तर निळे कपडे, आपल्याच चेल्सीचे. हे त्याने सविस्तर लिहून काढलं ते २००८ मध्ये. मध्ये सव्वीस वर्षं गेली. त्याच १९८२ मध्ये सिरिल रेजिस या दुसऱ्या काळ्या फुटबॉलपटूला इंग्लंडच्या संघात बोलावणं आलं आणि पाठोपाठ टपालाने बंदुकीची गोळी आली. ती त्याने टाकली नाही, जपून ठेवली. 'इतक्या वर्षांनी आत्ताच कशाला?' असं तुम्हाला कुणी विचारलं तर गुडघ्याचं सांगा. लाथ बसते तेव्हा अंग गरम असतं, माणूस पळत राहतो. ठणका लागतो तो घरी आल्यावर.

माझ्याच घरातलं सांगते. धाकट्या बहिणीला आजी 'काळुंद्री' म्हणायची. सगळ्या नातवंडांत आजीचा तिच्यावर जास्त जीव, मनुका-बेदाणे पहिल्यांदा तिच्या हातावर. बहीण साठीची झाली त्या दिवशी आम्ही दोघी गच्चीत बसलो होतो. ती म्हणाली, 'तू मला त्या नावाने कधी हाक मारली नाहीस, हे माझ्या लक्षात आहे.' मी मनातून सुखावले. मग म्हणाली, 'आजीला कधी थांबवलंही नाहीस.' मी उठून कपडे काढायला गेले, दोरीवरचे. अजून तिला काही बोललेले नाही. तेव्हा पुढचं जे सांगतेय ते शहाणपणाच्या खुर्चीवर बसून सांगतेय असं समजू नका.

पहिलं काम बहादूरचं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड ओळ तुम्ही शेवटी, उठता उठता लिहिलीत. ते नाव तुम्ही दुष्टपणाने पाडलं असेल असं मला वाटत नाही. मला वाटतं, तुम्हाला हायसं वाटलं असेल. प्रत्येक टीममध्ये टिंगलीची एक जागा असते. तिथे दुसरं कुणी आलं की पहिल्याला जरा श्वास घ्यायला मिळतो. माझा अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. पण मणिपूरच्या माणसाला नेपाळी गुरख्याचं नाव चिकटवलं की तो स्वतःच्या देशात पाहुणा होतो, आणि एवढ्याशा मणिपूरने भारताच्या फुटबॉलला किती पोरं दिली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अशी मस्करी कुठवर जाते तेही आपण बघितलंय. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, त्यातून मारामारी झाली आणि तो गेला. केंद्राला त्यानंतर ईशान्येच्या लोकांसाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली.

तुम्ही मेलमध्ये कळवलंत की त्याचा नंबर जुन्या टीमच्या ग्रुपवर आहे. फोन करा. सुरुवात त्याच्या खऱ्या, पूर्ण नावाने करा. आपण कोण ते सांगा, पुण्याची टीम सांगा. मग म्हणा, 'ते नाव मी पाडलं होतं. चुकलं माझं. तेवढंच सांगायला फोन केला.' आणि गप्प बसा. 'काय मजा करायचो आपण' नको. 'मलाही काळ्या म्हणायचे' हे तर अजिबात नको, हिशोब बरोबरीत आणायला फोन केलेला नाही. माफ कर म्हणा, पण माफ केलंस का असं विचारू नका, त्यात पुन्हा त्यालाच कामाला लावल्यासारखं होतं. तो हसेल. 'छोड यार, वो तो मजाक था' म्हणेल. ते हसणं कसलं आहे हे तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळेल. आणि काही न बोलता त्याने फोन ठेवला, तर तेही ऐकून घ्या.

हे आधी अशासाठी, की फोन ठेवल्यावर तुम्हाला बरोबर कळेल सेंटर हाफकडून आपल्याला काय हवंय. आत्ता तुम्हाला ते कळलेलं नाही, म्हणून तर त्याच्यासमोर उत्तर सुचलं नाही.

मग सेंटर हाफ. व्हॉट्सॲपवर नको, ग्रुपवर तर नकोच नको. चहाला बाहेर काढा, दोघंच. पहिल्यांदा फोटोचं सांगा. माझी पैज, फोटोग्राफर काय म्हणाला होता ते त्याला आठवत नसणार. तुम्हाला शब्दन्‌शब्द आठवतंय. तेवढं त्याच्यासमोर ठेवा आणि चहा प्या. मग त्या पोराचं, दोघं एकदम कसे वळलात ते. वर्णद्वेष, भेदभाव असले शब्द काढू नका. ते चूक आहेत म्हणून नाही. ते काढलेत की तो 'म्हणजे मी तसला आहे का?' म्हणून पेटणार, डोळ्यांत पाणी आणणार, आणि उरलेला अर्धा तास तुम्ही त्याची समजूत काढत बसणार. 'तुला ओळखणार कोण?' हे तो परत म्हणेल. त्याला म्हणा, 'आता ओळखतील. फ्लेक्स मग लावतात कशाला?'

तो ऐकणारा वाटला तर दोन गोष्टी त्याला जरूर सांगा, कारण त्या टीमच्या आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये बार्सिलोनाचा सॅम्युएल एटो झारागोझाच्या मैदानावर माकडाचे आवाज ऐकून वैतागला आणि बाहेर निघाला. स्वतःची टीम, समोरची टीम, रेफरी, सगळ्यांनी मिळून त्याला समजावून परत खेळायला लावलं. जानेवारी २०१३ मध्ये मिलानचा केविन-प्रिन्स बोआटेंग एका मैत्रीपूर्ण सामन्यात असाच वैतागला. बॉल उचलून प्रेक्षकांकडे मारला, जर्सी काढली आणि चालू पडला. त्याच्यामागून अख्खी मिलान बाहेर आली आणि सामना तिथेच संपला. दोन्ही वेळा चिडणारा एकच होता. त्याच्यामागे कोण चाललं यात काय तो फरक. तुमचा मित्र सेंटर हाफ होता, मागून सगळं मैदान त्यालाच दिसायचं. त्याला हे समजायला जड जाऊ नये.

आणि नाहीच ऐकलं, फ्लेक्स तसाच लागला, तर स्टेजवर चढू नका. शाल-श्रीफळ नको म्हणा. पण घरी रुसून बसायचं नाही. मैदानावर जायचं, लाइनीवर उभं राहून मॅच बघायची, पोरांना ओरडायचं.

एरवी मात्र सत्कार घ्याच. जॅक लेस्ली नावाचा प्लिमथचा एक फॉरवर्ड होता, वडील जमैकाचे. १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघात निवड झाल्याचं त्याला सांगितलं आणि मग नाव गाळलं. रंगामुळेच गाळलं अशी त्याची खात्री होती. खेळ संपल्यावर उतारवयात तो वेस्ट हॅम क्लबात खेळाडूंचे बूट साफ करायचा. ज्यांचे बूट पुसायचा त्यांच्यातले काही विश्वविजेते. १९८८ मध्ये तो वारला. त्याचा पुतळा उभा राहिला २०२२ मध्ये आणि इंग्लंडची मानाची कॅप मिळाली २०२३ मध्ये, ती नातींनी घेतली. तुमचा दोनदा हुकलेला संतोष ट्रॉफीचा कॅम्प यात बसतो की नाही ते मला माहीत नाही, आणि तुम्हीही त्यावर काही लिहिलेलं नाही. पण तुम्ही हयात आहात, चालते-फिरते आहात, आणि तुमचा गोल अजून लोकांना पाठ आहे.

राहिला तो पोरगा. त्याचं नाव तुम्ही पत्रात सरळ लिहिलंत, आठवायला दोन दिवस लागले नाहीत. त्याला बाजूला घेऊन काही समजावू नका, बाकीच्यांच्या देखत त्याला वेगळं काढल्यासारखं होईल. या रविवारी सरावाआधी सगळ्यांना एक नियम सांगा. हाक नावानेच मारायची. दुसऱ्या कशाने मारली की फाउल, बॉल समोरच्यांना. का, असं विचारलं तर कारण सांगत बसू नका. ऑफसाइडचं कारण कुठे सांगता? दोन रविवारी पाच-सहा वेळा बॉल गेला की पोरं आपोआप सुधारतात, त्यांना बॉल हवा असतो.

गोष्ट सांगायचीच असेल तर कॅनोव्हिल-लेस्लीची नको, ब्राझीलच्या विनिशियसची सांगा, तो त्यांना तोंडपाठ असतो. मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर त्याने शिव्या देणाऱ्याकडे भर सामन्यात बोट दाखवलं. वर्षभराने तिघांना आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. स्टेडियममधल्या वर्णद्वेषासाठी स्पेनमधली ती पहिलीच शिक्षा. २०२४ पासून फिफाने एक खूणही ठरवून दिलीय. खेळाडूने दोन्ही मनगटं फुलीसारखी एकमेकांवर धरून रेफरीला दाखवायची. रेफरी आधी खेळ थांबवतो, मग दोन्ही टीम आत पाठवतो, तरीही चालूच राहिलं तर सामना रद्द. मंडळाच्या स्पर्धेत एवढं सगळं झेपणार नाही. पण लाऊडस्पीकर असतोच, आणि तो दिवसभर प्रायोजकांची नावंच तर वाचत असतो. सेंटर हाफ खुशीत असेल तेव्हा एक सूचना त्यावरून द्यायला सांगा.

आता फ्लेक्स. नाव आणि आडनावाच्या मध्ये जागा मोकळी सोडली तर आपल्याकडे ती कुणी ना कुणी भरतंच. भाऊ म्हणतो, 'अकरा नंबर' टाका. मलाही पटलं. फोटो १९८७ चा नको. घरात शोधा, एखादा पळतानाचा असेल, अंधुक असला तरी चालेल. फ्लेक्सवाल्याला दोन दिवस आधी फाईल लागते, म्हणजे शुक्रवार. आज मंगळवार आहे. मणिपूरला अंधार आपल्या आधी पडतो, तेव्हा फोन जेवायच्या आधी करा.

भावाने तुमचं आडनाव मला परत दोनदा विचारलंय. मी सांगितलं नाही. म्हटलं, रविवारी खडकीला जा आणि फ्लेक्सवर वाच. तो येणार आहे. डोक्यावर टक्कल, हातात छत्री, आणि चिखल दिसला की बिचकून पावलं टाकणारा एक म्हातारा फुलबॅक दिसला तर तोच.